रिमोट चांगलाच होता

पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा त्या घरी जायचं, म्हणून टीव्ही मेकॅनिक मनातून ओशाळला होता.

शिंपीकाका पलंगावर उशीला टेकून बसले होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली तेव्हा, "मी डावखुरा, कात्रीचा हात वाचला," असं ते आल्यागेल्याला सांगत. आता त्याच हातात दिवसभर रिमोट असायचा.

"सेल नवे घातले, तुम्ही मागे टीव्हीवरचा तो काळा काचेचा ठिपकाही पुसून गेलात," काकू म्हणाल्या. "तरी कधी लागतो, कधी ढिम्म!"

मेकॅनिकने रिमोटचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. पडद्यावर जांभळट ठिपका भराभर लुकलुकला.

"हा रिमोटचा उजेड, काकू. आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. प्रत्येक बटणाची लुकलुक वेगळी. त्या काचेमागचा सेन्सर ती ओळखतो."

"मग घोडं अडलंय कुठे?"

"काका, आता तुम्ही दाबा बरं."

काकांनी अंगठा टेकवला. ओठ आवळले, कपाळावरची शीर फुगली. मोबाइलचा पडदा काळाच राहिला. अंगठा बटणावर होता, बटण मात्र तसूभर खाली गेलं नव्हतं.

मेकॅनिकने मोबाइल खिशात टाकला. "सर्किट गेलंय," तो घाईघाईने म्हणाला. "नवा रिमोट आणून देतो."

"तुझ्या हाताने चालला की रे आत्ता," काका शांतपणे म्हणाले. "मला कशाला बनवतोस?"

काकू पलंगाच्या कडेला येऊन बसल्या. "पंधरा दिवस चमचा पाडताहेत. मला वाटलं, जेवणावर राग काढताहेत. बोलले मी त्यांना, नको नको ते बोलले."

मेकॅनिकनेच रिक्षा आणली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, या बाजूलाही झटका येऊन गेलाय, छोटा. यायला उशीर केलात.

चार दिवसांनी तो हलक्या बटणांचा रिमोट घेऊन आला. त्याने तो काकांच्या तळहातावर ठेवून बोटं मिटवून दिली. काकांनी प्रयत्नच केला नाही. रिमोट घसरून चादरीवर पडला.

काकूंनी तो उचलला. "हे लावू?" बटण दाबत त्यांनी विचारलं. "की हे? अहो, सांगा ना काहीतरी."

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मेकॅनिक चपला घालून जिना उतरला, तरी वरून चॅनेलमागून चॅनेल बदलल्याचे आवाज येतच होते.