झऱ्याखालचा खुंटा

"पाणी आलं गं, बादल्या काढा."

सासूबाईंचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बर्फ वितळला की डोंगरावरच्या झऱ्याचा पाट मोकळा करायचा. पाणी पहिल्या घराशी आलं की त्या घरच्या बाईनं खालच्या घराला हाक घालायची, खालचीनं तिच्या खालचीला. हाक आणि पाणी बरोबरीनं उतरत यायचं. कधी हाक पुढं, कधी पाणी पुढं. मी नवी नवरी ओल्या हातांनी दारात उभी राहायचे, आणि माझ्या पाळीला आवाज लाजून चिरकायचा.

पुढं नळ आले, हाका गेल्या. झरा तोच राहिला. आमची अकरा घरं त्याच्यावर जगतात. वरच्या घरच्या किरिहारांचं रान संपतं तिथं शेवाळलेले दोन दगड आहेत; दगडांच्या वर त्यांचं, खाली झऱ्यासकट गावाचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज कधी पडली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी किरिहारा आजोबा गेले आणि ओसाकातल्या मुलानं घर, रान सगळं विकायला काढलं. विक्रीआधी मोजणी होते. हद्दीवर शेजाऱ्यानं स्वतः जाऊन उभं राहायचं, खुंटे बघायचे, मग कागदावर सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारायचा. त्या वर्षी पाण्याची देखरेख माझ्या घराकडं होती, म्हणून गावाच्या वतीनं जायचं ते मी. मार्च महिना, डोंगरावर गुडघाभर चिखलबर्फ, आणि माझा डावा गुडघा आधीच रुसलेला.

"काकू, वर येता ना?" मोजणीवाले गृहस्थ म्हणाले.

"तुम्ही बघितलंत ना? मग झालं."

आमच्याकडं शेजाऱ्याच्या कागदावर शिक्का मारायला का-कू करणं म्हणजे त्याच्या तोंडावर संशय घेणं. मी स्वयंपाकघरातच शिक्का मारला. वर चहा दिला, मुरलेला सलगम दिला. सलगमाची त्यांनी फार तारीफ केली.

गेल्या शरदात अळंब्या शोधत वर गेले तेव्हा मोजणीचा लाल डोक्याचा खुंटा दिसला. झऱ्याच्या खाली. दोन दगड खूप वर राहिले होते, झरा विकलेल्या रानात गेला होता. मी तिथंच ओल्या पानांत बसले.

कुणाला सांगितलं नाही. माझ्या लहानपणी माहेरच्या वाडीच्या टोकाला एक घर होतं, गावानं तोंड फिरवलेलं. आग लागली किंवा माणूस गेलं, तरच लोक त्या दाराशी जायचे. त्या घरची बाई ओढ्यावर आली की बायकांचं बोलणं थांबायचं. ती धुणं आपटत राहायची आणि तेवढाच आवाज व्हायचा. शरदापासून तो आवाज माझ्या छातीत होता.

या सोमवारी सकाळी नळातून आधी गढूळ धार आली, मग नुसती हवा.

दुपारी सभागृहात सगळे जमले. "त्यानंच तोडलं," वाडीचा प्रमुख तात्सुओ म्हणाला. तो म्हणजे लुओ, चीनहून आलेला, किरिहारांचं घर घेतलेला. "इथं राहायचा पाच वर्षांचा परवाना आहे त्याचा. संपला की पुन्हा मिळतो. आधी आईला आणलं, उद्या मावसभावाला आणेल."

"तुझा स्वतःचा पोरगा तोक्योहून यायला तयार नाही," म्हातारे मोकिची म्हणाले, "आणि त्याच्या मावसभावाला आत्तापासून घाबरतोस."

"हसा, दादा. आंघोळीला पाणी नसलं की हसा."

"मी तशीही शनिवारीच करतो."

लोक हसले, पण लवकर थांबले. "पलीकडच्या खोऱ्यात अर्धी घरं बाहेरच्यांकडं गेली," कुणीतरी हळूच म्हणालं. "दारावर नावाची पाटीसुद्धा नाही. कोण राहतं, विचारायचं कुणाला?"

मग सगळेच लुओच्या घराकडं जायला उठले. मीही उठले. मागं राहिले असते तर दिसलं असतं.

दार लुओच्या आईनं उघडलं. एवढी माणसं बघून तिनं चौकट घट्ट धरली. मागून लुओ आला, कोपरापर्यंत मातीनं भरलेला.

"माफ करा," तो अडखळत म्हणाला. "कुंपण खणताना पाईप तुटला. तिथं पाईप आहे, मला माहीत नव्हतं. आज जोडतो."

"गावाच्या झऱ्यावर कुंपण कसलं घालता?" तात्सुओनं विचारलं.

तो आत जाऊन कागद घेऊन आला. नकाशावर बोट ठेवलं. "झरा माझ्या जमिनीत. कागद असं म्हणतो."

तात्सुओनं कागद वाचला, पुन्हा वाचला. तळाला लाल गोल शिक्का होता, त्यात माझं नाव.

"खोटा आहे," तो म्हणाला. "हिसानो काकू गावाचा झरा देतील? चाळीस वर्षं ओळखतो मी यांना." त्यानं खिशातून मोबाईल काढला. "पोलिसांनाच बोलावतो. बनावट कागद म्हणजे परवाना गेला. आठवड्यात सामान बांधतील."

लुओला सगळं समजलं नसेल, पण पोलीस आणि परवाना हे दोन शब्द समजले. त्यानं कागद मातीच्या हातांनी छातीशी धरला. आईनं त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. मग ती एकेका चेहऱ्याकडं बघत गेली आणि माझ्यापाशी थांबली. माझ्याच वयाची असेल.

"काकू, तुम्ही एवढंच सांगा," तात्सुओ म्हणाला. बोट नंबरावर होतं. "हा शिक्का तुमचा नाही. नाही ना?"

एक मान हलवायची होती. सगळं गाव माझ्या बाजूला उभं होतं, इतकं जवळ की त्यांच्या कोटांची ऊब लागत होती. ती ऊब आत्ता जाणार, आणि आयुष्यभर जाणार, एवढंच मला कळत होतं.

"फोन ठेव, तात्सुओ," मी म्हणाले. "शिक्का माझाच आहे. मी वर गेलेच नव्हते. न बघता मारला. आणि खुंटा कुठं आहे ते मला शरदापासून माहीत आहे."