कानामागचं हाड

घाव मागून बसला होता. उजव्या कानाच्या वर, बोराएवढी खोक, आणि तिच्यापासून तिन्ही बाजूंना गेलेले तडे. सुचिताने कवटी उशीवर आडवी केली आणि कानामागच्या हाडावर बारीक ड्रिल टेकवलं. पांढरट भुकटी सांडली, तेवढी नळीत भरली.

ही बाई समुद्रापलीकडच्या एका लहानशा बेटावर तीन हजार वर्षांपूर्वी मेली होती. मेली म्हणण्यापेक्षा मारली गेली होती. तिथल्या गुहेत माणसांच्या हाडांचा ढीग सापडला होता. होड्यांतून आलेले पहिले लोक तिथे वस्ती करून राहिले, मग आणखी कोणी होड्यांतून आले आणि त्यांनी कुऱ्हाडी चालवल्या. बेटावरची हवा दमट, माती खारट. तिथे हाडातला डीएनए टिकत नाही. टिकला तर कानामागच्या त्या एका हाडात. शरीरातलं सगळ्यात कठीण हाड ते. सुचिताचं आयुष्य गेली काही वर्षं त्या हाडाभोवतीच चाललं होतं. दूर दक्षिणेतल्या शहरात भाड्याची खोली, सकाळी प्रयोगशाळा, संध्याकाळी आईला फोन.

त्या दिवशी आईचाच फोन आधी आला. सुचिता पांढरा झगा उतरवून बाहेर आली, तेव्हा फोन वाजतच होता.

"सुचे," बनाबाई म्हणाली, "वामनरावच्या वावरातली बुजवली विहीर मशीननं उकरली. हाडं निंगाले. तू ये."

तिने रडारड केली नाही. सुचिताला त्याचीच भीती वाटली.

मलकापूरला गाडीतून उतरून एसटीने संग्रामपूर, तिथून ऑटोने गाव, असा प्रवास करताना तिच्या डोळ्यांसमोर एकच दिवस होता. नागसेन, तिचा थोरला भाऊ, बुलढाण्याला कॉलेजात शिकत होता. वामनरावांची मुलगी जयमालाही तिथेच शिकत होती. वामनराव म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतवाले. अर्ध्या गावाची मजुरी त्यांच्या वावरात. दोघांचं जमलं, ते बसमधल्या कुणीतरी पाहिलं आणि गावात आणलं. नागसेन एका सकाळी कॉलेजला म्हणून गेला तो परत आला नाही. त्याच आठवड्यात जयमालाला सुरतेला दिली, घाईत लग्न उरकलं, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं.

सुचिताचे वडील माणिकराव विचारायला गेले. हात जोडूनच गेले होते. भर दुपारी वामनरावांचा मुलगा गोविंदा आणि त्याची माणसं त्यांना ओढत बौद्धवाड्यात घेऊन आली आणि त्यांच्याच दारासमोर कुऱ्हाडीच्या दांड्याने मारलं. पहिल्या फटक्यात दात पडले. बनाबाई नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली, तेव्हा फटके तिच्या पाठीवर पडू लागले. सुचिता शाळेच्या गणवेशात ओट्यावर उभी होती. दांडा हाडावर बसतो तेव्हा सुकं लाकूड फुटल्यासारखा आवाज होतो, हे तिला त्या दिवशी कळलं. माणिकराव त्यानंतर दोन वर्षं जगले. पण सरळ चालले नाहीत. नागसेनची पोलिसांत नोंद झाली ती बेपत्ता म्हणून.

आता नव्या रस्त्यासाठी त्या वावराची पट्टी सरकारने घेतली होती. पाणी खारं म्हणून ती विहीर कधीच सोडून दिली होती, आणि नागसेन गेला त्याच सुमारास ती बुजवलीही होती. जेसीबीने माती उपसली तेव्हा तळाशी कवटी उघडी पडली.

सुचिता पोचली तेव्हा बनाबाई विहिरीच्या काठाशी मांडी घालून बसली होती आणि चालकाला मशीन पुढे घेऊ देत नव्हती. पोलिसांना आदल्या दिवशीच कळवलं होतं, पण ते अजून यायचे होते. त्याआधी गोविंदा आला. बरोबर पाच-सहा जण, हातांत काठ्या.

"काऊन थांबला बे?" तो चालकाला म्हणाला. "जनावरायचे हाडं हायेत. लोट माती."

चालकाने सुचिताकडे पाहिलं. सुचिता उकरलेल्या खड्ड्यात उतरली. माती ओली होती, काळी आणि मिठाळ. बेटावरून यायची तशीच. तिने गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी कवटीभोवती आडोसा केला. कवटीच्या बाजूला एक बारीक, लांब हाड होतं. हाताचं, मनगटाच्या थोडं वर मोडलेलं. असं हाड तिने त्या गुहेच्या ढिगात पाहिलं होतं. समोरून वार येताना माणूस हात वर धरतो, तेव्हा ते तिथेच मोडतं. इतकं बारीक हाड नागसेनचं कसं, असा प्रश्न तिच्या मनात आला. पण विचार करायला उसंत मिळाली नाही.

पहिला दगड खांद्यावर बसला, दुसरा कानाजवळ. गरम रक्त मानेवरून ब्लाउजमध्ये उतरलं.  वर बनाबाई उठली आणि गोविंदाच्या पायांना मिठी घालून बसली. त्याने तिला लाथेने उडवलं, खड्ड्यात उडी घेतली आणि बूट उचलून कवटीवर दिला. सुचिताचा हात मध्ये होता. दोन बोटं मोडली ती तेव्हा. कवटीचे तुकडे झाले. त्याने दुसऱ्यांदा पाय उचलला, तशी सुचिता तुकड्यांवर पालथी पडली. मग तिच्या पाठीवर, बरगड्यांवर बूट बसत राहिले आणि ती मातीत तोंड खुपसून एकाच हाडावर मूठ आवळून राहिली.

बौद्धवाड्यातली माणसं धावत आली. काठीला काठी भिडली. गोविंदाच्या एका माणसाचं डोकं फुटलं, वाड्यातल्या म्हाताऱ्या किसनरावांचा हात मोडला. पोलिसांची गाडी आली तेव्हा धुरळ्यात कोण कोणाला मारतंय हेही कळत नव्हतं. जमादाराने सुचिताला खड्ड्यातून वर काढलं. तिची मूठ उघडायला दोन माणसं लागली. आत कानामागचं हाड होतं. त्याला चराही पडला नव्हता.

पोलिसांनी खालच्या गाळातून निघालेल्या तुकड्यांसकट सगळी हाडं तपासणीला पाठवली. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं की खाऱ्या पाण्यात राहून हाडं फार खराब झालीत, नेहमीच्या पद्धतीने डीएनए मिळत नाही. मारहाणीच्या गुन्ह्यात गोविंदा जामिनावर सुटून आला होता. बनाबाईच्या दारावरून जाताना तो मोटारसायकल मुद्दाम हळू करायचा.

सुचिताने समता मॅडमना सगळं सांगितलं. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख; बेटावरची ती गुहा त्यांनीच खणली होती.  त्या म्हणाल्या की कोर्टाने सांगितलं तर आपण करू, पण तू त्या हाडांच्या खोलीत पाऊलही टाकायचं नाहीस, नाहीतर उद्या वकील तेवढ्यावरच सगळं उडवून लावेल. बुलढाण्याच्या कोर्टात अर्ज झाला, मंजूर झाला. बनाबाईचं रक्त घेतलं. हाडं आली, तेव्हा सुचिता काचेच्या अलीकडे आपल्या टेबलावर बेटावरच्या माणसांच्या नळ्या लावत बसली होती. काचेपलीकडे ड्रिलचा आवाज सुरू झाला आणि तिची न जुळलेली बोटं ठणकू लागली.

एका दुपारी मॅडमनी तिला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"बस. ती हाडं एका माणसाची नाहीत, सुचिता. दोघं आहेत."

सुचिता बसली नाही.

"एक तुझा भाऊ. तुझ्या आईचाच मुलगा, त्यात शंका नाही. दुसरी तरुण मुलगी आहे. फुटलेली कवटी तिचीच, आणि तुझ्या आईशी तिचं काही नातं नाही."

मोडलेलं बारीक हाड, वर धरलेला हात. सुचिताला उमगलं. ती ज्याच्यावर पालथी पडली होती, ज्याच्यासाठी लाथा खाल्ल्या, ती कवटी नागसेनची नव्हती. नागसेन खाली, आणखी गाळात होता. गोविंदाने बूट दिला होता तो आपल्या सख्ख्या बहिणीच्या तोंडावर. आणि तीही तिथेच आहे हे त्याला तेव्हा ठाऊक होतं.

अंदाज कोर्टात चालत नाही. मुलगी कोणाची हे ठरवायला तिच्या आईचं नाहीतर बापाचं रक्त हवं. वामनरावांनी वकिलामार्फत सांगितलं की आमची मुलगी सुरतेला सुखात आहे. पत्ता विचारला तर म्हणाले, तिने आमच्याशी संबंध तोडलाय. सक्तीने रक्त घ्यायला त्यांच्या वकिलाने हरकत घेतली आणि तारखा पडू लागल्या.

अशाच एका तारखेला सुचिता आईला घेऊन बुलढाण्याला आली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात गर्दी होती. त्या गर्दीतून एक बाई डोक्यावर पदर घेऊन एकटीच चालत आली. एक हात ओढणीने गळ्यात बांधलेला, एक डोळा काळानिळा होऊन मिटलेला. वामनरावांची बायको शालूबाई. आयुष्यात कधी एकटी एसटीत बसली नव्हती. निघताना गोविंदाने दार अडवलं होतं. त्याने आईचा हात कसा पिरगाळला ते तिने पुढे जबाबात सांगितलं, त्या दिवशी नाही.

ती बनाबाईच्या समोर येऊन थांबली. इतक्या वर्षांत या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. एक मजुरीला जायची, दुसरी ओट्यावरून कामं सांगायची, तेवढंच काय ते.

"माह्या पोरीले सुरतेले देल्ली म्हनून सांगतलं मले," शालूबाई म्हणाली. "तवापासून तिचा आवाज नाई आयकला मी. कुठी द्या लागते रगत?"

बनाबाईने तिचा चांगला हात धरला आणि वकिलाकडे घेऊन गेली.

वामनराव मागच्याच गाडीने आले. व्हरांड्यात, शंभर माणसांसमोर त्यांनी बायकोचे केस धरले आणि तिला पायऱ्यांवरून खाली ओढलं. तिचं डोकं दगडी कडेवर आपटलं. शिपाई धावले. वामनराव धापा टाकत म्हणत होते, घरी चाल. शालूबाईने कपाळावरचं रक्त पदराने टिपलं.

"आता कायचं घर," ती म्हणाली.

न्यायाधीशांनी तिला त्याच अवस्थेत समोर घेतलं. दुपारी सरकारी दवाखान्यात नर्सने तिचं रक्त घेतलं, तेव्हा सुचिता शेजारी उभी होती. सुईकडे शालूबाईने पाहिलंसुद्धा नाही. तिने विचारलं की पोरीला फार लागलं होतं का. सुचिता रोज हाडांवरचे घाव वाचायची. कोणता आधी, कोणता नंतर, कोणता जीव घेणारा, हे तिला सांगता आलं असतं. तिने पहिला खोटा शब्द तोंडात आणला, आणि शालूबाईच्या उघड्या डोळ्याकडे पाहून तो गिळला.

"हाव," ती म्हणाली. "पन तिनं हात वर धरला होता. उगीमुगी नाई मेली."

शालूबाईने मान हलवली.

रक्त जुळलं. ती जयमालाच होती. वामनराव आणि गोविंदा दोघांना अटक झाली. गोविंदाच्याच एका माणसाने माफीचा साक्षीदार होऊन सगळं सांगितलं: नागसेनला बसस्टँडवरून उचललं, वावरात आणलं, मागून घाव घातला, जयमाला पळत मध्ये आली, तेव्हा तिलाही. विहीर दुसऱ्या दिवशी बुजवली. खटला अजून चालू आहे. गोविंदाच्या बाजूच्या लोकांनी मधल्या काळात बनाबाईचं छप्पर एकदा जाळलं. तिने पत्रे टाकून घेतले आणि तिथेच राहिली.

पुराव्याचं काम संपल्यावर कोर्टाने हाडं घरच्यांना द्यायला सांगितली. त्याच्या आदल्या संध्याकाळी बनाबाईने लेकीला विचारलं, "तुमी त्या बेटावरचे लोक तपासता, त्याइचं कोनी हाय का आता?"

सुचिताने सांगितलं की आहे. बहुतेक सगळे मारले गेले, पण काही बाया वाचल्या. आज त्या बेटावर राहणाऱ्या माणसांच्या अंगात त्या बायांचंच रक्त आहे. तिथल्या या माणसांनीच हाडं तपासायला दिली, आणि काम झालं की परत मागितलीत.

"मंग धाडून द्या लवकर," बनाबाई म्हणाली. "वाट पाहत असतीन."

दुसऱ्या दिवशी बुलढाण्याच्या पोलीस ठाण्यात हवालदाराने टेबलावर तीन पाकिटं ठेवली. एकावर नागसेनचं नाव, एकावर जयमालाचं. तिसऱ्यात बोटांची, फासळ्यांची बारीक हाडं होती. ती एकमेकांत मिसळलेली होती आणि प्रत्येक हाडाची तपासणी करणं शक्य नव्हतं. हवालदार भला माणूस होता. ती कशी वाटायची हे त्याने जरा अवघडूनच विचारलं.

शालूबाई खुर्चीच्या कडेवर बसली होती. खटला सुरू झाल्यापासून ती भावाकडे राहत होती, आणि भावाने सांगून ठेवलं होतं की हाडं घरी आणू नको.

"वाटता कायले," ती म्हणाली. "बनाबाई, समदे तुमीच न्या. माह्याकडं तिले ठेवाले जागा नाई."

बनाबाईने सोबत आणलेलं पांढरं धुतलेलं लुगडं टेबलावर पसरलं आणि तिन्ही पाकिटं त्यात ठेवली. गाठ मारताना तिचे हात थांबले.

"तुमी बी चाला संगं," ती म्हणाली. "माती द्याले माय पायजे."

तिघी संग्रामपूरच्या एसटीत बसल्या. कंडक्टरने गाठोडं वर फळीवर ठेवायला सांगितलं, बनाबाईने ते मांडीवरच धरून नुसती नकाराची मान हलवली, आणि तो पुढे गेला. सुचिता मागच्या सीटवर होती. राजूर घाटात गाडी वळणं घेत उतरू लागली, माणसं एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलत होती. एका वळणावर ब्रेक जोरात लागला. पुढच्या सीटवरच्या दोघींनी समोरची दांडी धरली नाही. चारही हात एकदमच गाठोड्यावर आले, आणि गाडी सरळ झाल्यावरही तिथेच राहिले.