थिनरच्या डब्यात उतरलेलं दुखणं

सकाळी आठ वाजता माझ्या दुकानापुढे शंभरेक माणसं उभी होती आणि त्यातल्या एकालाही आइस्क्रीम नको होतं.

घोटावड्याच्या फाट्यावर माझं शीतपेयांचं दुकान आहे. दुकानात एक डीप फ्रीझर आहे. त्याच्याकडे लोक गाभाऱ्याकडे बघावं तसे बघत होते. काहींनी चपला काढल्या होत्या. हिमानंद महाराजांनी फ्रीझरचं झाकण उचललं, आत हात घातला आणि पत्र्याचा एक डबा वर काढला. रंगात घालायच्या थिनरचा असतो तसला, लिटरचा, फिरकीच्या टोपणाचा. काल संध्याकाळी तो चौकोनी होता, चारी बाजू सपाट. आज त्याला पोट आलं होतं.

"कोणाचा हा?"

"माझा!" चंद्राबाई गर्दीतून पुढे आल्या. "माझा गुडघा हाय त्यो!"

"गुडघा नाही, माई. गुडघ्याची सूज. जलतत्त्वाचा शीततत्त्वाशी संयोग झाला आणि तुमचं दुखणं डब्यात उतरलं. चालून दाखवा."

चंद्राबाई चालल्या. लंगडत.

"काल यापरीस जास्त लंगडत व्हते," त्यांनी स्वतःच जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

आमच्याकडे दुखणं असं बाहेर काढून ठेवायची जुनी रीत आहे. डोळे आले की देवीला चांदीचे डोळे वाहायचे, हात मोडला की चांदीचा हात. महाराजांनी चांदीच्या जागी पत्रा आणला, एवढंच. त्यामुळे कुणालाच ते परकं वाटलं नाही. विधीही सोपा होता. रिकाम्या डब्यात रोग्यानं तीनदा फुंकायचं. मग पाणी भरायचं, अगदी काठोकाठ, कारण 'जिथे हवा तिथे विघ्न'. टोपण घट्ट लावायचं. रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी पत्रा फुगला की रोग गेला.

आता खरं सांगतो. डबा का फुगतो हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लवळ्याच्या एका हॉस्टेलच्या कॅन्टीनमध्ये मी दोन वर्षं काम केलं. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या फ्रीझरमध्ये विसरलो म्हणून तिथल्या मालकाच्या शिव्या खाल्ल्या आहेत. पण मला मजा वाटत होती. शिवाय शंभर माणसं उभी राहिली की चहा-वेफर खपतात. मी गप्प बसलो.

गप्प म्हणजे अगदीच गप्प नाही. एकदा गंमत म्हणून मी एका धडधाकट शेळीचं तोंड डब्याला लावलं, तिच्या फुंकरीचा डबा भरला आणि दुसऱ्या दिवशी तो फुगलेला डबा सगळ्यांसमोर ठेवला.

"महाराज, ही तर ठणठणीत हाय. मग हिचा डबा कसा फुगला?"

महाराजांनी डोळे मिटले. "मुकं जनावर. आपलं दुखणं कोणाला सांगणार?"

बायकांनी डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी रांगेत अकरा शेळ्या होत्या.

ती शेळी येसाजीमामाची होती. येसाजीमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. तीस शेळ्या, बायजामामी, आणि नववीतली मुलगी करिष्मा. जन्मात दारूला शिवला नाही, तरी जुन्या काविळीनं त्याचं लिव्हर खराब झालं होतं आणि पोटात पाणी साठायचं. पौडच्या डॉक्टरीणबाईंनी लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या, मीठ तोडलं होतं. फारच तुंबलं की सुईनं काढायच्या. दोन वर्षं मामा असा चालला होता. हळू, पण चालला होता.

महाराजांनी त्याचे सात डबे, दर तीन दिवसांनी एक, भरायला सांगितले आणि वर म्हणाले, "गोळ्या बंद. गोळी पाण्याला शरीरात अडवून धरते. ते डब्यात कसं यायचं?"

मामा खूश झाला. संध्याकाळी माझ्या बाकड्यावर बसून म्हणाला, "सूरज, दोन वर्सांनी सुकटीची चटणी खाल्ली रं. मिठाची. जिवंत असल्यागत वाटलं."

"मामा, गोळ्या नको सोडूस."

"तुज्याच फ्रीजात व्हतंय समदं, आन् तुजाच इस्वास न्हाई?"

मी हसलो. त्या जागी हसण्याऐवजी काहीतरी बोलायला हवं होतं.

चौथ्या डब्याच्या वेळी माझा फ्रीझर बिघडला. पाणी गार झालं, पण गोठेना. गर्दीत कुजबुज सुरू झाली. तेव्हा महाराजांनी कफनी खोचली, फ्रीझर भिंतीपासून ओढला, मागची जाळी ब्रशनं झाडली, फॅनची सुटलेली वायर जोडली आणि अर्ध्या तासात यंत्र घरघरायला लागलं.

"महाराज, हे कुटं शिकला?" मी विचारलं.

"पूर्वाश्रमी," ते म्हणाले, "आम्ही फ्रीज दुरुस्तीत होतो."

यावरही लोकांनी नमस्कार केला.

पाचव्या डब्यानंतर बायजामामी दुकानाच्या मागच्या बाजूनं आली. महाराज पुढे बसतात म्हणून पुढून आली नाही.

"सूरज, तुज्या मामाचा करगोटा मी आठ दिसांत तिसऱ्यांदा सैल केला बग." मामा कमरेला काळा दोरा बांधायचा, जुन्या माणसांसारखा. "डबं फुगत्यात त्ये दिसतंय मला. पर मग त्यांचं प्वाट का उतरंना?"

तिच्यामागे करिष्मा उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला माझ्याकडून उत्तर नको होतं. ते तिच्याकडे होतं.

"दादा, दोन डबे दे. आणि तुझा वजनकाटा."

त्या संध्याकाळी तिनं बापाला एका डब्यात तीनदा फुंकायला लावलं, पण पाणी पाऊणच भरलं. दुसऱ्या डब्यात कुणीच फुंकलं नाही. तो मात्र काठोकाठ भरला. दोन्हींची वजनं करून पत्र्यावर खडूनं लिहिली.

सकाळी गर्दीपुढे तिनं दोन्ही डबे बाहेर काढले. मामाच्या फुंकरीचा डबा जसाच्या तसा चौकोनी. कुणाचीच फुंकर नसलेला डबा फुगून इतका गोल, की आडवा ठेवला तर डोलत होता.

"ह्या डब्यात कोणाचा रोग आला?" करिष्मानं विचारलं.

"बालिके, हा परिसरातला रोग," महाराज म्हणाले. "हवेत फिरत असतो."

"मग माझ्या बाबांच्या डब्यात त्यांचा का नाही आला?"

"तू विघ्नाला जागा ठेवलीस!"

"जागाच ठेवली." तिनं फुगलेला डबा काट्यावर ठेवला. एक किलो एकशे तीस ग्रॅम. खडूनंही तेच लिहिलं होतं. "बाहेरून काही आलं असतं तर वजन वाढलं असतं. आत होतं तेवढंच पाणी आहे. फक्त त्याचा बर्फ झालाय, आणि बर्फाला जागा जास्त लागते. पाण्यात कण एकमेकांत सरकून दाटीनं राहतात. गोठताना ते एका ठरावीक नक्षीत बसतात आणि मधे पोकळी राहते. अकरा डबे पाण्याचा जवळजवळ बारा डबे बर्फ होतो. मोकळी जागा असली तर बर्फ तिकडे वाढतो. नसली तर पत्रा ढकलतो. कुल्फीवाला साचा काठोकाठ का भरत नाही, विचारा त्याला."

कुल्फीवाला गर्दीतच होता. त्यानं मान डोलवली आणि लगेच चुकल्यासारखं इकडेतिकडे बघितलं.

"रोगाला वजन नसतं!" महाराज गरजले.

चंद्राबाई हळूच गुडघा चोळायला लागल्या. मामा पुढच्या बाकड्यावर होता. त्यानं पोटावर दोन्ही हात ठेवले आणि महाराजांकडे नाही, लेकीकडे बघितलं.

"म्हंजी," तो म्हणाला, "पानी माज्यातच हाय की गं."

महाराज त्याच दुपारी निघून गेले. आम्ही मामाला पौडला नेलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यामुळे मी जास्त घाबरलो. "पोटातल्या पाण्यात जंतू वाढलेत, किडन्याही थकल्यात," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस आधी आला असतात तर बरं झालं असतं." तिथून पुण्याला. सहाव्या दिवशी मामा गेला.

भेटायला आलेल्यांत दोघं-तिघं म्हणाले, "दोन डबं ऱ्हायलं व्हतं. सात पुरं झालं असतं तर..." बायजामामीनं त्यांना चहा दिला आणि एवढंच म्हणाली, "त्या दोन डब्यांतबी नुसता बर्फच झाला असता, भावजी."

पाणी गोठलं की पसरतं. ते महाराजाला ओळखत नाही, भक्तालाही नाही. घरी हवं तर करून बघा: काचेची बाटली नको, फुटेल; झाकणाच्या दोन डब्या घ्या, एक काठोकाठ भरून, एक अर्धी. कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा की फुंकर न घालता हे होतं का, आणि त्याच्यासमोरच करून बघा. तो चिडला तर उत्तर मिळालं. आणि कुणीही, कितीही गोड बोलून, चालू असलेली गोळी बंद करायला सांगितली तर आधी डॉक्टरकडे जा.

हे सगळं करिष्मा आता शाळाशाळांतून सांगते. मी तिला गाडीवरून सोडतो आणि बाहेर थांबतो. परवा एका शाळेत मुलानं विचारलं, "ताई, गावात हे आधी कुणालाच माहीत नव्हतं का?"

दार उघडंच होतं. तिनं माझं नाव घेतलं नाही.

म्हणून मी आत गेलो आणि म्हणालो, "मला माहीत होतं."