उन्हात ठेवलेला ससा

महिनाभर उत्पलाला खाटेवरून उठू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सांध्यांचा ताप हृदयापर्यंत गेला होता. सात वर्षांची चळवळी पोर. तिला जागेवर बसवणारी घरात एकच गोष्ट होती. मुंबईच्या मामाने आणलेला व्हिडिओ गेम, आणि त्यातला उड्या मारणारा ससा.

आणि नेमका तोच तिच्या आईच्या, वच्छलाच्या, हातून गेला.

तापाचे आठ दिवस टीव्ही बंद होता. तेवढ्यात तिने गाद्या, उशा, खेळणी, सगळं गच्चीवर वाळत टाकलं. मूल गावचं मे महिन्याचं ऊन. त्यापुढे कुठला जंतू टिकतो? गेममध्ये घालायच्या दोन्ही डब्यांना, सशाच्या आणि विमानाच्या, कुबट वास येत होता. तिने स्क्रू काढून त्या उघडल्या, सशाच्या डबीतल्या चिपेवरची बुरसटलेली चिकटपट्टी सोलली आणि रोज त्यांना ऊन दाखवलं. नवव्या दिवशी विमानाची डबी चालली. सशाची लावली, तर पडदा काळाच.

"मले ससाच पायजे! नाई तं मी चालली अंगणात!"

उत्पलाने पाय खाली सोडले तशी वच्छलाने ते उचलून पुन्हा खाटेवर ठेवले. सासूबाईंना खाटेशी बसवून तिने चंद्रपूरची एसटी गाठली.

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या चैतूभाऊंनी चीप पाहिली आणि हसू दाबलं. "बाई, याले उन्हात ठेवलं काय?"

"आठ दिवस. पण दुसरी तर चालते! मी बीएस्सी आहे, नीट सांगा."

"मंग तं सोपं हाये. ते विमान कारखान्यातच कोरून आलं. दगडावरचं अक्षर, पुसत नाई. अन् हा ससा मागाहून विजेनं लिवला. हे उजेडानं पुसते. त्याच्यावरची पट्टी उजेड अडवाले तं होती!"

त्यांनी भिंग पुढे केलं. चिपेच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी होती. आत नखाएवढा तुकडा, आणि त्यावर टेकडीवरून धानाच्या शेतांचे बांध दिसावेत तशा रेघाच रेघा, चमकणाऱ्या, संपतच नव्हत्या. एवढ्याशा जागेत ससा राहत होता, त्याच्या उड्या, त्याचं गाजर! आणि गच्चीवरच्या उन्हाने हळूहळू, आवाज न करता, सगळं उचलून नेलं होतं.

"परत... येईल?"

"जागा रिकामी झाली, मोडली नाई. माह्यापाशी या सशाची नक्कल हाये, परत लिवतो." चैतूभाऊंनी चीप एका यंत्रात बसवली. अर्ध्या तासाने खिडकीवर काळी पट्टी दाबून म्हणाले, "आता याले ऊन नोका दाखवू, बाई."

घरी ससा उडाला. उत्पला लोडाला टेकली, पाय आपोआप पांघरुणात गेले. वच्छलाने सगळं सांगितलं तेव्हा पडद्यावरची नजर न काढता पोरीने विचारलं, "आई, माह्या छातीतबी असंच लिवलं हाये?"

वच्छलाने तिच्या फासळ्यांवर तळहात ठेवला. आत काहीतरी धडधडत होतं. न दिसणारं, आपलं आपण चाललेलं. ती हात न काढता बसून राहिली.