आवाजापाशी उरलेला मी

मी गोदावरीबाईंच्या गळ्यात उरलेला तुकडा बोलतोय. थायरॉईड ग्रंथीचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. मला कुणाची कीव येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी बाकीची भावंडं कॅन्सरनं नासली, म्हणून डॉक्टरांनी कापून काढली. मी मात्र आवाजाच्या नसेला चिकटून बसलो होतो. मला ओढलं असतं तर बाईंचा आवाज गेला असता, म्हणून मला सोडलं. "रोजची गोळी चुकवू नका. गोळी आहे तोवर उरलेलं झोपून राहील," असं त्यांनी बजावलं. पुढे हैदराबादला नेऊन किरणोत्सारी औषधानं मला जाळायचंही ठरलं होतं.

बाईंचे यजमान उद्धव सर, मूळचे निलंग्याचे. भूकंपात घर पडलं तसे लातूरला आले आणि पत्र्याच्या शेडमध्ये जीवशास्त्राचा क्लास काढला. गावोगावची हुशार पोरं लातूरकडं धावू लागली आणि सरांचं नाव झालं. निकाल लागला की डॉक्टर होणाऱ्या मुलांचे फोटो चौकात झळकायचे, मधोमध हार घातलेले सर. बायकोला हैदराबादला न्यायला मात्र त्यांना सवड नव्हती. "बारावीचे पेपर होऊ दे," म्हणाले. होऊ द्या की, मला कुठं घाई होती.

भूकंपानंतर इथली माणसं भांडं वाजलं तरी अंगणात पळायची. ऑपरेशननंतर बाईंचं तसंच झालं होतं. उठल्या की आरशापुढं, हात गळ्यावर. एक दिवस म्हणाल्या, "अहो, पुन्हा उगवलं की काय? बोटाला लागून राहिलंय."

लागत होता तो टाक्यांचा वण. मी गाढ झोपलो होतो.

सरांनी गोळ्यांची बाटली फिरवून वाचली. "यात थायरॉईडचाच रस हाय. खत टाकलं की तण माजणारच. बंद कर."

"डॉक्टरनं रोज घ्या म्हणलं होतं."

"डॉक्टर मी घडवून राहिलो. मला शिकवू नको."

बाटली कपाटावर गेली आणि माझं नशीब उघडलं. मेंदूकडून हुकूम येऊ लागले, वाढ म्हणून. मी पडलो आज्ञाधारक. बाईंचा चेहरा सुजला, दिवसाढवळ्या पेंगू लागल्या. "आळस भरलाय," सर म्हणाले. खरं सांगतो, मला मजा आली.

मग उजळणीचा दिवस आला. शेडमध्ये पोरं दाटीनं बसली होती आणि भिंतीपलीकडं बाई भाकरी थापत होत्या.

"रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं तर?" सरांनी विचारलं.

मनस्विनी नावाची मुलगी उठली. "मेंदूतली पीयूष ग्रंथी हुकूम सोडते, सर. थायरॉईड वाढायला लागतं."

"अन् बाहेरून गोळी दिली तर?"

"हुकूम थांबतो. वाढ थांबते."

"शाब्बास. हमखास येणारा प्रश्न हाय. लिहून घ्या."

बाई पिठाच्या हातानं दारात आल्या. दुसरा हात गळ्यावर होता, आणि आता मी खरोखरच बोटाला लागत होतो. त्यांनी तोंड उघडलं. ज्या आवाजासाठी मला जिवंत ठेवलं, त्याच्याच नसेवर मी आता वाढून दाबून बसलो होतो. नुसती हवा बाहेर आली.

"तास चालू हाय," सर फळ्याकडं वळत म्हणाले. "नंतर बोल."

मला शिव्या देऊ नका, लोकहो. जे सांगितलं तेच मी केलं. जाता जाता एवढंच मागतो, कपाटावरच्या त्या बाटलीला कुणी हात लावू नका.