दादाच्या पाइपची सफाई

"अहो, मीठ कुठे गेलं सगळं? काल बरणी भरून ठेवली होती मी!"

मागच्या खोलीत टेबलाशी कवळीमास्तर पाठमोरे बसले होते आणि बरणीतले सगळे मीठ त्यांच्यासमोर होते. अंड्यांच्या पुठ्ठ्यात ओढायचे जुने पाइप ओळीने उभे केलेले, प्रत्येकाच्या लाकडी वाटीत मीठ ठासलेले, वर स्पिरिटचे थेंब सोडलेले. रात्रभर मुरल्यावर मिठाने लाकडात भिनलेला तंबाखूचा कुबट वास शोषून घेतला होता आणि ते चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी झाले होते.

बायको कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"जन्मात कधी विडी ओढली नाही, आणि दुसऱ्यांच्या उष्ट्या नळ्या घासत बसायचं! सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही."

"उष्ट्या वस्तूंवरच तुझं घर चाललं," मास्तर म्हणाले. "लोकांच्या कवळ्या काय देवघरातून यायच्या?"

"कवळीनं माणूस जेवतो तरी. ह्यानं काय होतं? माझं मीठ तेवढं संपतं."

बोलायला ती फटकळ खरी, पण जाताना तिने खिडकी उघडून दिली. स्पिरिटच्या वासाने त्यांचे डोके दुखते, हे तिला ठाऊक होते.

मास्तर उमेदीच्या वयात ज्या दवाखान्यात कवळ्या करायला बसत, तिथले जुने उस्ताद त्यांना जुन्या कवळ्या दाखवून सांगत की एके काळी कवळीची बैठक रबराची असे, भट्टीत शिजवून टणक केलेल्या रबराची. निवृत्त झाल्यावर एकदा भंगारवाल्याच्या टोपलीत मास्तरांना एक पाइप दिसला. त्यांनी तोंडात धरायच्या काळ्या नळीवर नख ओढून पाहिले आणि ओळखले, हे तेच रबर. परक्या गावात आपल्या नात्यातले कुणी भेटावे तसे त्यांना झाले. तेव्हापासून हा नाद. तुटके, जळके, दातांनी चावलेले पाइप ते शोधून आणत आणि नव्यासारखे करून काचेच्या कपाटात ठेवत. ओढायचा कधी एकही नाही.

आज पुठ्ठ्याच्या टोकाला उभा होता तो मात्र दादाचा पाइप होता.

तो वहिनींनी रुमालात बांधून आणून दिला होता. "भाऊजी, नळी बघा कशी हिरवट पडलीये. तोंडात धरला की कडू लागतो म्हणतात, पण सोडतील तर शपथ! डॉक्टरांनी तंबाखू बंद केली, मग डोळे गेले. आता हा रिकामा पाइप तेवढा दिवसभर तोंडात. तुमच्याकडे देते म्हटलं, तर म्हणाले, बघू दातवाला काय दिवे लावतो ते."

दातवाला! दादा बंदरावर क्रेन चालवायचा. घराएवढी खोकी अलगद उचलून जहाजात ठेवायचा, आणि आवाज असा की क्रेनवरून हाक मारली तर धक्क्यावरचा माणूस दचकावा. धाकटा भाऊ लोकांचे दात करतो, याची त्याला फार गंमत वाटे. चारचौघांत म्हणायचा, "आमचा धाकटा दुसऱ्यांना दात देतो, पण स्वतः कधी हसत नाही!" पुढे दादाचेच दात गेले. मास्तरांनी त्याची कवळी इतकी मन लावून केली की दवाखान्यातले डॉक्टर बघत राहिले. दादाने ती बसवली, बिस्किट चावून पाहिले आणि म्हणाला, "बरी आहे." बस्स. ते "बरी आहे" मास्तरांच्या मनात खड्यासारखे राहिले होते.

म्हणून या वेळी त्यांनी कसर ठेवली नाही. वाटीतला काजळीचा थर खरवडला. काठाला जळाल्याचा डाग होता तो घासून काढला. मग त्यांनी नळी उजेडात धरली. वरच्या बाजूला दोन उथळ खुणा, खालच्या बाजूला डावीकडे एक खोल खळगा. दादाचा डावा सुळा! जरा तिरका होता तो. हसला की ओठाबाहेर डोकवायचा. मास्तरांना तो बरोबर आठवला. पण कवळीत खळगा म्हणजे दोष, आणि दोष बुजवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी स्पिरिटचा दिवा लावला. ह्या रबराला बेताची आच दिली की दबलेला भाग आपसूक वर येतो. नळी आचेवरून फिरवताच खुणा हळूहळू वर आल्या. राहिलेला खळगा त्यांनी भरून घेतला आणि नळी काचेसारखी होईपर्यंत घासली.

बायकोने पाहिले तेव्हा तिच्याही तोंडून निघून गेले, "अगंबाई, हा तो नव्हेच!"

रविवारी मास्तर स्वतः पाइप घेऊन गेले. दादा खिडकीपाशी बसला होता.

"आलास? पायरव ओळखला. अजून मांजरासारखाच चालतोस. दे इकडं."

दादाने वाटी तळहातात फिरवली. अंगठ्याने काठ चाचपला. चेहरा खुलला. मग त्याने पाइप तोंडात धरला, डावीकडे सरकवला, पुन्हा जरा पुढे घेतला. कवळी गुळगुळीत रबरावर टकटक वाजली. पाइप निसटून मांडीवर पडला.

"छान आहे रे," दादा म्हणाला. "पण हा दुसऱ्या कुणाचा आणलास. माझा कुठाय?"

"तुझाच आहे दादा."

"वेडा की काय! माझ्या पाइपला खाली खाच आहे. सुळ्याची. त्यात कवळी अडकते, म्हणून तर राहतो तोंडात."

"ती... ती मी काढली. खराब दिसत होती."

"कुणाला दिसत होती?"

वहिनी बशा पुसत होत्या, त्या थांबल्या. मास्तर घाईघाईने म्हणाले, "तुझ्या कवळीचा साचा आहे माझ्याकडे. त्यावरून तशीच खाच पाडून देतो. उद्याच देतो."

दादा हसला. त्या हसण्यात पूर्वीचा गडगडाट नव्हता. "कवळीच्या साच्यात सुळा कुठला असणार माझा? तो तूच केलेला. सरळ, देखणा." मग त्याने नळीवरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले. "सगळे दात गेले रे. माझा म्हणून हा एक राहिला होता. तोही गेला."

नंतर जणू काही झालेच नाही अशा आवाजात तो म्हणाला, "अगं, चहा टाक की. माणूस उन्हातून आलाय."

मास्तरांनी चहा घेतला, पण तो गोड होता की अगोड, हे त्यांना सांगता आले नसते. घरी आल्यावर बायकोने विचारले, "काय म्हणाले दादा?" तेव्हा ते एवढेच म्हणाले, "छान आहे म्हणाला." तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

त्यानंतर मास्तरांचा पाय तिकडे वळेना. शेवटी बायकोनेच ढकलले, "भाऊ आहे तो तुमचा, सावकार नव्हे. जा."

दादाच्या घराचे दार उघडेच होते. आत बंदरावरचे जुने मुकादम गप्पा मारायला आले होते. वहिनी लोकरीचा गुंडा करत होत्या. एरवी लोकरीची लडी दादा दोन्ही हातांवर ताणून धरायचा, पाइप तोंडात धरून. आज ती खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती. दादाचा एक हात पाइप धरण्यात गुंतला होता.

"हात लावून बघा मुकादम," दादा सांगत होता, धक्क्यावर ऐकू जाईल अशा आवाजात. "माझ्या भावाचं काम आहे. साऱ्या गावात दुसऱ्या कुणी करून दाखवावं! लागतं का काही हाताला?"

मुकादमांनी नळीवरून अंगठा ओढला. "छे! काहीच नाही लागत."

"नाहीच लागायचं," दादा म्हणाला आणि पाइप परत घ्यायला त्याने हात पुढे केला.

दाराबाहेर मास्तर चपला काढायला वाकले होते. चपला निघाल्या, तरी ते तसेच वाकून राहिले.