वरचे चार मोती

"पाच. पाचच. आमच्या कोंबड्या याहून जास्त अंडी द्यायच्या."

इटालियन म्हातारा ऑरेस्ते नमुन्याच्या कागदावर वाकून स्वतःशीच पुटपुटत होता, पण कोपर जयंतीच्या टेबलावर टेकवून पुटपुटत असल्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं. टोरंटोजवळच्या वॉनमधल्या त्या दुकानात थडग्यांचे दगड तयार होत. नक्षी कॉम्प्युटरवर मांडायची, ती रबरी चादरीवर कापून घ्यायची, हे जयंतीचं काम. मग चादर ग्रॅनाइटला चिकटवून मागच्या शेडमध्ये वाळूचा फवारा मारला की दगडावर अक्षरं उमटत.

"वाढवू का?" तिने विचारलं.

"नको, सिन्योरा. नऊ मोती काउंटच्या मुकुटाला. आम्ही नुसते नोबिले, सगळ्यात खालची पायरी. आमच्याखाली माणसं सुरू होतात." तो स्वतःच हसला आणि कागदावर सही करून गेला.

त्याची बायको असुंता उन्हाळ्यात गेली होती. दगडावर तिचं नाव, शेजारी याचंही. फक्त याच्या मरणाची तारीख कोरी. इकडे तशी रीतच आहे. या कामात सात वर्षं झाली तरी जिवंत माणसाचं नाव कापताना जयंती अजून मनातल्या मनात देवाचं नाव घेई. दोन्ही नावांच्या खाली, मधोमध, घराण्याची उठावातली ढाल होती. गव्हाची लोंबी धरलेला हात, आणि ढालीच्या माथ्यावर मुकुट. आजोबांच्या आजोबांना कुण्या राजाने दिलेली पदवी, बापाकडून मुलाकडे आलेली. जमीन केव्हाच गेली. ऑरेस्तेने चाळीस वर्षं टोरंटोतल्या लोकांच्या वॉशरूममध्ये टाइल्स बसवल्या.

पहिल्यांदा आला तेव्हा त्याने तिचं आडनाव ऐकून विचारलं होतं, "इनामदार म्हणजे काय?"

"राजाने जमीन दिलेले लोक."

"किती जमीन?"

"अख्खं गाव," जयंती म्हणाली.

तिचा नवरा रवींद्र महाराष्ट्र मंडळात हेच सांगायचा. तो गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि मंडळात 'लॉजिस्टिक्समध्ये आहे' म्हणायचा. ती 'ग्राफिक्समध्ये' होती. हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या बायकांना थडगी कशाला सांगा? पंचवीस वर्षांच्या संसारात ही वाक्यं इतकी गुळगुळीत झाली होती की तोंडातून आपोआप घरंगळत. पण 'अख्खं गाव' ऐकल्यावर ऑरेस्ते खुर्चीतून उठून उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. त्या दिवसापासून जयंती त्याच्या नजरेला नजर देत नव्हती.

सही करून तो गेला, त्या दुपारी तिने फाइल उघडली. त्या रुंद मुकुटावर पाच मोती अगदीच केविलवाणे दिसत होते, नथीतले निम्मे गळून गेल्यासारखे. म्हातारा कुरकुरला, ते मनापासून. नको म्हणाला, ते भिडेपोटी, असं तिने ठरवून टाकलं. पाहुणा पानावर आडवा हात धरतो म्हणून का कुणी वाढायचं थांबतं? तिने चार मोती वाढले. वाढून झाल्यावर तिला बरं वाटलं. गावाची थोडी भरपाई झाली, असंही वाटलं.

ऑक्टोबरात दगड बसवला. दुसऱ्या दिवशी मालक रिनो तिच्या टेबलाशी आला.

"ऑरेस्तेच्या गावची निम्मी माणसं इथेच राहतात. कापड काढलं आणि कुणीतरी मोती मोजले. कंबरेत वाकून म्हणाला, गुड मॉर्निंग, काउंट. सगळे हसले, पाद्रीसुद्धा."

"आणि ते?"

"त्याला मी म्हटलं, मशीनची चूक. दगड बदलून देतो. तर 'असू दे' म्हणाला. आता जयंती, तुला कुणी विचारलं तर तूही मशीनच म्हण."

म्हातारा येऊन ओरडेल म्हणून ती तीन आठवडे दाराकडे बघत राहिली. तो आला नाही. मग रिनोकडूनच कळलं, की त्याने शेवंतीची मोठी कुंडी आणून मुकुटाच्या बरोबर पुढे ठेवली आहे.

तिने रवींद्रला सांगितलं. तो चहा पीत होता.

"मशीन म्हण की. मालकच म्हणतोय, तुझं काय जातंय?"

"अहो, त्यांनी माझ्यासाठी टोपी काढली होती."

"कशाबद्दल?"

"आपल्या गावाबद्दल."

रवींद्रने कप खाली ठेवला. मग विंटर टायर्स घालायचे राहिलेत, असं म्हणून गराजमध्ये गेला.

शनिवारी मात्र त्यानेच तिला दफनभूमीत नेलं. शेडमधल्या माणसाकडून तिने हत्यारांची पिशवी मागून आणली होती. ती जड म्हणून गाडीतच राहिली, आणि पिशवीबरोबर रवींद्रही.

ऑरेस्ते घडीच्या खुर्चीवर बसला होता. तिला बघून उठला.

"सिन्योरा इनामदार. मशीनची तब्येत कशी आहे?"

"मशीनने नाही केलं. मी वाढवले." तिचे कान तापले. "तुम्ही कुरकुरत होता. आमच्याकडे नको म्हणणाऱ्याला थोडं जास्तच वाढतात."

म्हातारा दगडाकडे वळला.

"असुंताही तसंच करायची," तो म्हणाला. "चाळीस वर्षं मी या पाचांवर कुरकुरलो. ती म्हणायची, पाच तर पाच, आपले आहेत ना? आणि आता तिलाच मी उसन्या मोत्यांखाली निजवलंय." त्याने पायाने कुंडी बाजूला सारली. "निघतील?"

"छिन्नीने निघतील. पण खुणा राहतील, चार ठिकाणी."

"राहू देत. काढलेत, हे तरी दिसेल."

तिने गाडीकडे हात केला. रवींद्र पिशवी घेऊन आला. पायांत गोदामातलेच बूट होते, लोखंडी टोकाचे. ऑरेस्तेने त्याच्याकडे पाहिलं, पाठ ताठ केली आणि टोपी काढली.

"सिन्योर. तुमचं अख्खं गाव होतं म्हणे."

रवींद्रने पिशवी गवतावर ठेवली. त्याने जयंतीकडे पाहिलं. ती दगडावरच्या मोत्यांकडे बघत होती, कितव्यापासून सुरुवात करायची ते ठरवत असल्यासारखी.

"गाव नव्हतं," रवींद्र म्हणाला. "दीड एकर खडक होता. देवळातल्या दिव्याच्या तेलासाठी दिलेला."